नकळत घडलेलं पाप आणि देवाची कृपा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाणूनबुजून केलेलं पाप निदान डोळ्यांसमोर असतं. त्याबद्दल पश्चात्ताप करता येतो. पण जे कधी कळलंच नाही त्याचं काय? हा प्रश्न मनापासून प्रभूच्या मागे चालणाऱ्यांनाच जास्त छळतो. खालची उत्तरं पवित्र शास्त्राच्या आधाराने दिली आहेत. जिथे मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

माझ्या मनात काहीच वाईट नव्हतं. तरी ते पाप कसं ठरतं?

लेवीय ५:१७ मध्ये याचं थेट उत्तर आहे. परमेश्वराने मना केलेलं काम एखाद्याने नकळत केलं, तरी तो दोषी ठरतो. आजच्या वाचकाला हे कठोर वाटतं, कारण आपण माणसाला त्याच्या हेतूवरून जोखतो. पवित्र शास्त्रही हेतूला किंमत देतं. अनुवाद १९:५ मधलं उदाहरण पाहा. दोघं जण लाकडं तोडायला रानात जातात, एकाच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटतं आणि सोबत्याला लागून तो मरतो. हा मनुष्य मरणदंडास पात्र नाही, असं पुढचंच वचन सांगतं, कारण त्याच्या मनात वैर नव्हतं. इथे हेतूने निकाल बदलला.

पण मेलेला माणूस परत आला नाही. हेतू शुद्ध होता म्हणून घडलेलं काही पुसलं जात नाही. पाप म्हणजे फक्त माझ्या मनातला वाईट विचार, एवढीच व्याख्या धरली तर देव आणि शेजारी दोघेही हिशेबातून गळून पडतात आणि उरतो फक्त मी. माझ्या बोलण्याने कोणी मोडून पडलं असेल, माझ्या गैरसमजामुळे कुणावर आळ आला असेल, तर मला ते ठाऊक नव्हतं म्हणून त्याची जखम खोटी होत नाही.

यात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. लेवीयच्या ज्या चौथ्या अध्यायात नकळत पापाचा दोष सांगितला आहे, त्याच अध्यायात क्षमेचं आश्वासन चार वेळा येतं (४:२०, २६, ३१, ३५). दोष आणि उपाय तिथे एका श्वासात सांगितले आहेत. पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया तोच आहे: आपला अपराध आपल्याला कळण्याच्या कितीतरी आधी देवाने त्यासाठी वाट करून ठेवली.

जुन्या करारात अशा पापासाठी नेमकी काय व्यवस्था होती?

पापार्पणाची. अभिषिक्त याजकाच्या हातून नकळत पाप घडलं तर गोऱ्हा, सगळ्या मंडळीच्या हातून घडलं तरी गोऱ्हाच. अधिपतीने बकरा आणायचा, सामान्य माणसाने बकरी किंवा मेंढी. याजकाची चूक सगळ्या मंडळीच्या चुकीइतकी जड धरली आहे, हे शिकवणाऱ्यांनी आणि पाळकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग पुढे, पाचव्या अध्यायात दिसतो. मेंढी परवडत नसेल त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं आणावीत. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे सुमारे दोन लिटर पीठ. त्यावर तेल नको, ऊदही नको. त्यात रक्त नाही, प्राणी नाही, तरी वचन तेच आहे: त्याला क्षमा होईल. म्हणूनच इब्री ९:२२ मध्ये नियमशास्त्राप्रमाणे रक्ताने ‘बहुतेक’ सर्व काही शुद्ध होतं असं म्हटलं असावं, असं मला वाटतं. गरीब माणूस पैशाअभावी क्षमेपासून दूर राहू नये, याची काळजी देवाने स्वतः घेतली. गणना १५ मध्ये तर इस्राएलात राहणाऱ्या परदेशीयालाही याच क्षमेत सामील केलं आहे.

आता आपण अर्पणं करत नाही. मग नकळत पापांचं काय होतं?

इब्री ९:७ सांगतं की प्रमुख याजक वर्षातून एकदा परमपवित्रस्थानात जाई, तेव्हा स्वतःसाठी आणि लोकांच्या अज्ञानातल्या पापांसाठी रक्त नेत असे. दरवर्षी जावं लागे. पुढे दहाव्या अध्यायात सांगितलं आहे की ख्रिस्ताने स्वतःचं अर्पण एकदाच केलं आणि ते सर्वकाळासाठी पुरलं. मला आठवणाऱ्या पापांपुरतंच ते अर्पण होतं असं नव्या करारात कुठेही नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:७) येशूचं रक्त आपल्याला ‘सर्व’ पापांपासून शुद्ध करतं असं म्हटलं आहे.

मग जाणूनबुजून केलेल्या पापाला क्षमाच नव्हती का?

गणना १५:३० मध्ये हात उगारून, उद्दामपणे पाप करणाऱ्याला लोकांतून काढून टाकण्याची आज्ञा आहे. एवढंच वाचून थांबलं तर निराशाच पदरी पडेल. पण लेवीय ६:१-७ मध्ये लबाडी, लुबाडणूक, खोटी शपथ ही उघड उघड हेतुपूर्वक केलेली पापं आहेत आणि त्यांच्यासाठीही दोषार्पण सांगितलं आहे, भरपाईसकट. दाविदाने व्यभिचार केला आणि उरीयाला मारवलं. त्यासाठी कोणतंही अर्पण पुरलं नसतं, हे त्याने ५१व्या स्तोत्रात स्वतःच म्हटलं. तरी नाथान संदेष्ट्याने त्याला सांगितलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे (२ शमुवेल १२:१३). परिणाम मात्र त्याला भोगावे लागले.

नकळत म्हणजे नेमकं काय? सगळी नकळत पापं सारखीच का?

मुळीच नाही. गरारचा राजा अबीमलेख याने सारेला आपल्या घरी आणवलं, कारण ती अब्राहामाची बहीण आहे असं त्याला सांगण्यात आलं होतं (उत्पत्ती २०). त्याच्यापासून खरी गोष्ट लपवली गेली होती. योशीया राजाच्या काळी, इ. स. पू. ६२२च्या सुमारास, मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो वाचून दाखवल्यावर राजाने आपली वस्त्रं फाडली, कारण आपण आणि आपले वाडवडील काय मोडत आलो हे त्याला तेव्हा कळलं. तिथे आज्ञाच विस्मृतीत गेली होती.

मत्तय २५ मधली माणसं आणखी वेगळी. “प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं?” असं ती विचारतात. त्यांना आज्ञा ठाऊक होती, भुकेला माणूसही समोर होता. त्यांचं लक्षच गेलं नाही. ही जात मला सर्वांत धोक्याची वाटते. यात काही केल्याची खूण मागे राहत नाही, त्यामुळे मन कधी टोचतही नाही.

“मला माहीत नव्हतं” हे देवापुढे चालतं का?

काही अंशी चालतं. लूक १२:४७-४८ मध्ये धन्याची इच्छा ठाऊक असूनही न वागलेल्या दासाला पुष्कळ फटके आहेत आणि ठाऊक नसलेल्याला थोडे. म्हणजे अज्ञानाने जबाबदारी कमी होते, पण शून्य होत नाही.

मात्र माहीत नसणं आणि माहीत करून न घेणं यांत फरक आहे. कॅथॉलिक ख्रिस्तसभेची शिकवण इथे उपयोगी आहे. जे अज्ञान माणसाला स्वतःहून दूर करणं शक्यच नव्हतं, त्यातून घडलेल्या वाईटाचा दोष त्याच्या माथी येत नाही. पण ते कृत्य वाईटच राहतं. सत्य शोधण्याची तसदीच घेतली नाही, किंवा पापाच्या सवयीने विवेक बोथट होऊ दिला, तर मात्र त्या अज्ञानाला तो माणूस जबाबदार आहे. योहान ९:४१ मध्ये येशू परूश्यांना तेच सांगतो: तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसतं, पण आम्हाला दिसतं म्हणता, म्हणून तुमचं पाप तसंच राहतं.

येशूने वधस्तंभावर “ते काय करतात हे त्यांना समजत नाही” म्हणून क्षमा मागितली. म्हणजे अज्ञानातल्या पापाची क्षमा आपोआप होते?

या प्रार्थनेतच (लूक २३:३४) उत्तर आहे. अज्ञान हीच क्षमा असती तर क्षमा मागण्याची गरज पडली नसती. ते वाक्य काही प्राचीन हस्तलिखितांत नाही, हेही सांगायला हवं. पण त्यातला विचार नव्या करारात इतरत्रही ठाम उभा आहे. पेत्र यरुशलेमेतल्या लोकांना म्हणतो की तुम्ही अज्ञानाने हे केलं हे मी जाणतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही. आणि लगेच पुढे म्हणतो, तर मग पश्चात्ताप करा (प्रेषितांची कृत्ये ३:१७-१९). अज्ञानामुळे दार उघडं राहिलं, आत पाऊल त्यांनीच टाकायचं होतं.

पौलाचं तर सगळं आयुष्यच याचं उदाहरण आहे. स्तेफनाला दगडमार करणाऱ्यांनी आपली वस्त्रं याच तरुणाच्या पायांशी ठेवली होती. देवाची सेवा करतो आहोत अशा खात्रीने तो मंडळीचा छळ करत होता. पुढे तीमथ्याला लिहिताना तो म्हणतो की मी अविश्वासात, अज्ञानाने हे केलं, म्हणून माझ्यावर दया झाली आणि प्रभूची कृपा विपुल झाली (१ तीमथ्य १:१३-१४). लगेच पुढच्या वचनात तो स्वतःला पाप्यांतला मुख्य म्हणतो. “मला कुठे ठाऊक होतं” असं म्हणून तो हात झटकत नाही.

जे पाप मला ठाऊकच नाही त्याची कबुली देऊ तरी कशी?

एकेक करून देता येणार नाही आणि देव ती तशी मागतही नाही. स्तोत्र १९:१२ मध्ये दावीद विचारतो, आपल्या चुका कोणाला कळतात? आणि लगेच प्रार्थना करतो की गुप्त दोषांपासून मला मुक्त कर. यादी देता येत नाही हे मान्य करून त्याने सगळंच देवाच्या हाती दिलं.

या वचनाचा मंडळीच्या इतिहासातला प्रवास पाहण्यासारखा आहे. १५३०च्या आउग्सबुर्ग विश्वासांगीकारात ल्यूथरवाद्यांनी अकराव्या कलमात म्हटलं की कबुली देताना सगळी पापं मोजून सांगणं आवश्यक नाही, कारण ते शक्यच नाही. आधार दिला याच वचनाचा. १५५१ मध्ये कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने त्यांच्या विरोधात ठरवलं की आठवणारी सर्व गंभीर पापं धर्मगुरूपुढे सांगायलाच हवीत. पण नीट विचार करूनही जी आठवत नाहीत, ती त्याच कबुलीत समाविष्ट आहेत असं परिषदेने सांगितलं, आणि तिथेही आधार याच स्तोत्राचा घेतला. एकमेकांवर इतके तुटून पडलेले दोन पक्ष, आणि न कळलेल्या पापाशी आल्यावर दोघांच्याही ओठी दाविदाचे तेच शब्द.

ऑर्थोडॉक्स परंपरेत प्रभुभोजनाआधीच्या प्रार्थनेत जाणून आणि अजाणता, स्वेच्छेने आणि इच्छेविरुद्ध झालेल्या पापांची क्षमा मागतात. अँग्लिकन प्रार्थनेत पापांबरोबर हयगय आणि अज्ञान यांचीही क्षमा मागितली जाते. ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरीतला सल्ला मला सर्वांत सोपा वाटतो: देवापुढे सगळ्याच पापांचा दोष कबूल करावा, न कळलेल्यांचाही, जसं आपण प्रभूच्या प्रार्थनेत करतो, पाळकापुढे मात्र जी कळतात आणि मनाला बोचतात तीच सांगावीत.

नकळत केलेल्या पापामुळे माझं तारण जाईल का?

कॅथॉलिक शिकवणीनुसार देवाशी नातं तोडणाऱ्या प्राणघातक पापासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर असणं, पूर्ण जाणीव असणं आणि स्वतःहून दिलेली संमती. नकळत घडलेल्यात दुसरी आणि तिसरी नसतेच. सुधारणावादी मंडळ्या लहान-मोठ्या पापांची अशी विभागणी मानत नाहीत. त्यांच्या मते प्रत्येक पाप मरणास पात्र आहे, पण जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही (रोम ८:१). मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली अजाणता झालेल्या उल्लंघनाला खऱ्या अर्थाने पाप म्हणायला तयार नव्हता, पण त्यालाही ख्रिस्ताच्या रक्ताची गरज आहे असं तो ठामपणे सांगे. तिघांची वाट वेगळी. तरी नकळत हातून निसटलेल्या एका गोष्टीमुळे देव आपल्या लेकराला सोडून देतो, असं तिघांपैकी कोणीही शिकवत नाही.

माझ्या हातून अनवधानाने कुणाचा जीव गेला. मी कसा जगू?

तुम्ही जे वाहता आहात त्याची दखल पवित्र शास्त्राने अध्यायच्या अध्याय खर्चून घेतली आहे, हे आधी ऐका. नकळत मनुष्यवध झालेल्यासाठी देवाने सहा शरणपुरं ठेवायला लावली: यार्देनेच्या पश्चिमेला केदेश, शखेम आणि हेब्रोन; पूर्वेला बेसेर, गिलादातलं रामोथ आणि बाशानातलं गोलान (यहोशवा २०). ती परदेशीयालाही खुली होती. तिथे पोचण्याचे रस्ते तयार ठेवण्याची आज्ञा अनुवाद १९:३ मध्ये आहे. पळून आलेल्याने वेशीत उभं राहून आपली हकिकत सांगायची, वडीलजनांनी त्याला आत घ्यायचं आणि राहायला जागा द्यायची. म्हणजे ऐकून घेणारी माणसं आणि डोक्यावर छप्पर, दोन्ही.

तो लगेच घरी मात्र जाऊ शकत नव्हता. त्या वेळच्या प्रमुख याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याला तिथेच राहावं लागे. एक जीव गेला आहे, ही गोष्ट कोणी हलकी मानली नाही. त्याच वेळी त्याला खुनीही ठरवलं नाही. प्रमुख याजकाच्या मृत्यूने तो मोकळा होई, यात अनेक ख्रिस्ती वाचकांनी येशूच्या मरणाची छाया पाहिली आहे, आणि इब्री ६:१८ मध्ये आश्रयासाठी धावलेल्यांना आशा दिली आहे.

तुमच्या मनात दुःख आणि दोष यांची गाठ बसलेली असते. दोषाचा जो भाग खरा असेल, म्हणजे हयगय, घाई, दुर्लक्ष, तो देवापुढे तसाच नाव घेऊन ठेवा. त्याला क्षमा आहे. दुःख मात्र क्षमेने नाहीसं होईलच असं नाही. दुःख राहिलं म्हणून क्षमा झाली नाही असं समजू नका. एकट्याने हे वाहू नका. पाळक किंवा धर्मगुरूंशी बोला, झोप आणि भूक उडाली असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. “देवाचीच इच्छा होती” असं म्हणून तुम्हाला गप्प करणाऱ्यांपासून थोडं लांब राहिलात तरी चालेल.

देवाने क्षमा केली, मग ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जायलाच हवं का?

शक्य असेल तिथे हो. पवित्र वस्तूंच्या बाबतीत नकळत अपराध झाला तरी भरपाई आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा होता (लेवीय ५:१५-१६). वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला येशूने सांगितलं (मत्तय ५:२३-२४). जक्कयाने चौपट परत देण्याचं कबूल केलं ते येशू त्याच्या घरी आल्यानंतर. ही भरपाई क्षमेची किंमत नव्हती, क्षमा मिळाल्याने सुटलेली मूठ होती. मात्र तुमच्या भेटीने समोरच्याची जखम पुन्हा उघडणार असेल, तर आधी एखाद्या जाणत्या माणसाचा सल्ला घ्या.

आपण काहीतरी पाप केलं असावं अशी सतत धास्ती वाटते. हे पवित्र आत्म्याचं काम आहे का?

पवित्र आत्मा पापाची जाणीव देतो तेव्हा ती नेमकी असते, आणि वाट ख्रिस्ताकडे नेते. “काहीतरी असेल, कदाचित असेल” अशी दिवसरात्र चालणारी कुरतड वेगळी. ख्रिस्ती परंपरेला ही व्यथा जुन्या काळापासून ठाऊक आहे. १५०५ मध्ये एरफुर्टच्या मठात गेलेला तरुण मार्टिन ल्यूथर तासन्‌तास कबुली देत राही, कारण काही सुटलं तर नाही ना ही भीती. श्टाउपिट्स या त्याच्या वरिष्ठाने त्याला पुन्हा पुन्हा ख्रिस्ताकडे बघायला सांगितलं. पुढे जेझुइट संघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे याच व्यथेने इतका पिचला की जीव द्यावा असं त्याला वाटू लागलं. सुटका झाली ती जुनी पापं पुन्हा पुन्हा उगाळणं थांबवल्यावर.

म्हणून सल्ला साधा आहे. एकच पाळक किंवा धर्मगुरू निवडा आणि त्यांचं ऐका. एकदा कबूल केलेलं पुन्हा कबूल करू नका. विचार थांबतच नसतील, हात धुणं, प्रार्थना परत परत म्हणणं असं काही जडलं असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरकडे जाण्याने विश्वास कमी होत नाही. अक्षम्य पाप आपल्या हातून नकळत झालं असेल का, अशी भीती बाळगणाऱ्यांनी मार्क ३:२२-३० पूर्ण वाचावं. तिथे शास्त्री देवाचं काम डोळ्यांनी पाहून त्याला सैतानाचं म्हणत होते. ते चुकून घडणारं नाही. आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं, तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि सर्व काही जाणतो, असं योहान लिहितो (१ योहान ३:२०). ‘सर्व काही’ यात तुम्हाला न कळलेलंही आलं.

कृपा इतकी विपुल आहे, तर मग जपून वागायचं कशाला?

हा प्रश्न रोम ६:१ मध्ये पौलानेच विचारला आणि उत्तर दिलं: कधीच नाही. ज्याला आपल्या न कळलेल्या चुकांचीही क्षमा मिळाली आहे हे उमगलं, तो कळलेल्या चुकांशी खेळत बसत नाही.

माझे लपलेले दोष मला कळावेत म्हणून काय करू?

स्तोत्र १३९:२३-२४ ची प्रार्थना करा. मन पारखायचं काम तिथे दावीद देवाकडे सोपवतो. नियमाने वचन वाचा. आणि जवळच्या दोन-तीन माणसांना बोलण्याची मोकळीक द्या. दाविदालाही नाथानाशिवाय दिसलं नव्हतं. कोणी दोष दाखवला तर लगेच सफाई देऊ नका, एक रात्र तरी जाऊ द्या.

कोणी माझ्यावर नकळत अन्याय केला असेल तर? त्याला तर पत्ताच नाही.

आधी त्याला सांगा. मत्तय १८:१५ प्रमाणे दोघंच असताना, चारचौघांत नको. ठाऊकच नसलेल्याने माफी मागावी अशी वाट पाहत मनात वर्षानुवर्षं राग साठवणं तुमच्यासाठीच जड आहे. सांगितल्यावरही त्याला पटलं नाही, किंवा तो आता या जगात नसेल, तरी क्षमा करता येते. स्तेफनाने दगड पडत असतानाच ती मागितली होती. दुखलंच नाही असं दाखवण्याची मात्र गरज नाही. आणि तो अन्याय अजून चालू असेल, तर क्षमा करूनही तो थांबवण्यासाठी ठाम उभं राहणं तुमचा हक्क आहे. त्यासाठी मंडळीतल्या वडीलजनांची मदत घ्या, गरज पडली तर कायद्याची.